‘घरच्या यूएसबी ड्राइव्हवर झालं असतं’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या जुन्या फ्लॉपींवरच्या फाइली आम्ही पेन ड्राइव्हवर काढून दिल्या; त्यात १२ पैकी ३ फ्लॉपी वाचल्या गेल्या नाहीत, हेच काम घरी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर झालं असतं आणि मिळालेल्या फाइलींत मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, असं तुम्ही लिहिलं आहे.

आधी त्या तिघींबद्दल. दोन फ्लॉपींवर पांढरी बुरशी होती. पत्र्याचं झाकण सरकवून, चकती हाताने फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेव्हा बुरशीबरोबर चुंबकीय थरही सुटू लागला. थर गेला तिथला मजकूर गेला. अशी चकती ड्राइव्हमध्ये फिरवली की वाचणाऱ्या हेडवर घाण बसते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. या दोन्ही कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, ही कळकळीची विनंती.

तिसरी वाया गेलेली नाही. घरी तिच्यावर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला होता. तुम्ही होकार दिला नाहीत, हे फार बरं केलंत. चकतीवरच्या गोल ट्रॅकचे ठरावीक तुकडे म्हणजे सेक्टर. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत बूट सेक्टर (फ्लॉपीच्या रचनेची माहिती), फॅटच्या (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदीच्या) दोन प्रती आणि मूळ डिरेक्टरी (फाइलींच्या नावांची यादी) मिळून ३३ सेक्टर होतात, आणि ते सगळे अगदी बाहेरच्या ट्रॅकवर असतात. नेमका तिथेच ओरखडा आहे. विंडोजला यादी सापडली नाही की फ्लॉपी कोरी वाटते. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त तयार सेक्टर देतो, शंका आली की त्रुटी दाखवून मोकळा होतो. आम्ही ३४ पिनांचा जुना ड्राइव्ह ग्रीझवीझल या फ्लॉपी वाचायच्या सर्किट बोर्डाला जोडून प्रत्येक ट्रॅकचे चुंबकीय बदल अनेक फेऱ्यांत नोंदवतो आणि सेक्टर त्यातून जुळवतो. तुमच्या पेन ड्राइव्हवरच्या ‘निनावी’ फोल्डरमध्ये याच फ्लॉपीचा मजकूर आहे. नावं यादीबरोबर गेली. तुकड्यांत साठवलेल्या फाइली मात्र अर्ध्या निघू शकतात. बिल ९ फ्लॉपींचंच आहे.

चिन्हांचं कारण वेगळं आहे. फाइली शाबूत आहेत, पण त्या युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरची सांकेतिक मांडणी एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळे चुकीचा कन्व्हर्टर लावला तर जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. टाइप कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं ते कळवा. जुन्या संगणकाचं फाँट फोल्डर मिळालं तर उत्तमच. मूळ फाइलींवर ‘सेव्ह’ करू नका, प्रतीवर काम करा. रूपांतर आम्ही करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.