यात इराण कुठंय?

सकाळी इथल्या एका गॅलरीचं आमंत्रण फोनवर आलं. समकालीन इराणी कलेचं प्रदर्शन. हौसेने उघडलं, तर पोस्टरवर काय? काळा बुरखा, नुसते डोळे, चेहऱ्यावर फारसी अक्षरं. परत तेच! आत भले काचकाम असेल, मातीकाम असेल, साधी फुलं असतील. बाहेर टांगायला बाई ती एकच.

डोकंच फिरलं. आणि २०१५ आठवलं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात इराणी कलाकार मोनीर फर्मानफर्मायान यांचं प्रदर्शन होतं. आरशांचे त्रिकोणी, षट्कोनी तुकडे एकमेकांत बसवलेले; आपण पाऊलभर सरकलो की अख्खी भिंत बदलते. बरोबर आमचे एक स्नेही. त्यांनी सगळीकडे नजर टाकली, आरशात स्वतःचा फोटो काढला आणि म्हणाले, "छान आहे हो. पण यात इराण कुठंय?"

अहो, सगळा इराणच आहे! शिराझच्या शाह चराग दर्ग्यात भिंती आणि छत आरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. ते बघून या बाई भारावल्या आणि मग तेहरानच्या हाजी उस्ताद मोहम्मद नवीद या कारागिराला हाताशी धरून त्यांनी त्या आरसेकामातून स्वतःचं काहीतरी केलं. पण बुरखा नाही, बंदूक नाही, म्हणजे इराण नाही!

आणि हेच स्नेही त्याच्या थोडं आधी, हिवाळ्यात, त्याच इमारतीत चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं प्रदर्शन बघायला आले होते. नुसते रंगाचे थर, त्यात ना माणूस ना झाड. तरी "आपला माणूस, जे.जे.चा!" म्हणून शेजारच्या अमेरिकन बाईंना पकडून सांगत होते. तिथे नाही विचारलं, यात महाराष्ट्र कुठंय म्हणून. गायतोंड्यांनी खुशाल अमूर्त राहावं, आणि मोनीरबाईंनी मात्र देशाचं दुखणं गळ्यात अडकवून फिरावं?

हो, माहीत आहे. इराणी कलाकार शिरीन नेशात यांच्या छायाचित्रांतले नव्वदच्या दशकातले ते अक्षरं लिहिलेले चेहरे बघून मीही सुन्न झाले होते. आणि २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेल्यावर हिजाबसक्तीवर बोलू नका असं कोण म्हणेल? बोलावंच. पण ज्यांना त्यावर बोलायचंय त्यांनी.

जाऊ दे. स्नेह्यांवर तरी किती चिडायचं? दर पोस्टरवर तेच दाखवलं तर माणूस तेच शोधणार. मोनीरबाईंचं प्रदर्शन बघून परतताना ट्रेनमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. १९७९ मध्ये बाई न्यूयॉर्कला घरच्यांना भेटायला आल्या, तिकडे इस्लामी क्रांती झाली आणि परतीची वाट बंद झाली. घर गेलं, हौसेने जमवलेली लोकचित्रं गेली. पुढची पंचवीसेक वर्षं परदेशात, आरसे कापणारे ते कारागीर हाताशी नाहीत, तर कागदावर रेखाटनं करत राहिल्या. २००४ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तेहरानला परतल्या आणि पुन्हा कारखाना थाटला. या वयात! सांगताना माझाच आवाज भरून आला.

त्यावर स्नेही काय म्हणाले असतील? "अरे बापरे! मग हे का नाही काढलं त्यांनी?"

कपाळ माझं.

२०१७ मध्ये तेहरानमध्ये मोनीरबाईंच्या नावाचं संग्रहालय उघडलं. त्यांच्या देशाला काही हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

असो. रविवारी मी त्या गॅलरीत जाणारच आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघेन, गाडीत दोन जागा आहेत. पार्किंगचे पैसे वाटून घेऊ.