एमडीए वाढला म्हणून अँटिऑक्सिडंट घ्यायचं?

एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड) म्हणजे मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण झालं की तयार होणारा पदार्थ. फ्री रॅडिकल म्हणजे चटकन रासायनिक क्रिया करणारे अस्थिर रेणू; त्यांचा अतिरेक म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. सीआरपी म्हणजे सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन. सध्या फिरणारा मजकूर असा: 'संसर्ग झालेल्या ऊतीत एमडीए वाढतो. म्हणजे फ्री रॅडिकल ऊती जाळत असतात. अँटिऑक्सिडंट घ्या, संसर्ग लवकर जाईल. सीआरपी उतरला की ऑक्सिडेटिव्ह ताण संपला.'

'एमडीए वाढतो.' बहुतेक वेळा मोजलेला असतो तो नुसता एमडीए नसतोच. ऊतीचा अर्क थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत साधारण 95 अंशांवर तापवतात आणि गुलाबी रंग 532 नॅनोमीटरवर वाचतात. या आकड्यात साखरा, सायलिक आम्ल, बिलिरुबिन हेही लुडबुड करतात. बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) न घालता तापवलं तर मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण परीक्षानळीतच होतं, आणि सुजलेल्या ऊतीत साठलेल्या रक्तातलं लोह त्याला हातभार लावतं. म्हणून ऊती थंड सलाइनने रक्त जाईपर्यंत धुवायची, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची, उणे 80 अंशांवर ठेवायची. रक्त राहिलं तर कॅटलेज या अँटिऑक्सिडंट एन्झाइमचा आकडाही फसवा, कारण लाल पेशींत ते भरपूर असतं. 'प्रति मिलिग्रॅम प्रथिन' हा भाजकसुद्धा भरवशाचा नाही. सुजेबरोबर प्लाझ्मातली प्रथिनं ऊतीत झिरपतात आणि तो फुगतो. एमडीए एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने) वेगळा काढून मोजा, नाहीतर मास स्पेक्ट्रोमेट्रीने एफ-2 आयसोप्रोस्टेन (मेदांच्या ऑक्सिडीकरणाची दुसरी खूण) मोजा. मग दावे करा.

'फ्री रॅडिकल ऊती जाळतात.' अर्धंच खरं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमने सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल बनवतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि मायलोपेरॉक्सिडेज हे त्यांचंच दुसरं एन्झाइम त्यापासून क्लोराइडच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. हा सारा मारा जंतूंवर असतो. आजूबाजूच्या पेशींना झळ बसते ती त्या ओघात. ऑक्सिडेज जन्मतःच निकामी असलेल्या क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ॲस्परजिलसचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. ऊतीतलं मायलोपेरॉक्सिडेज वाढलं, तर न्यूट्रोफिल तिथे पोचले एवढंच कळतं. नुकसान किती, ते नाही.

'अँटिऑक्सिडंट घ्या.' 2022च्या लॉव्हिट चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) 872 रुग्णांपैकी एका गटाला शिरेतून क जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट दिलं: किलोमागे 50 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, 4 दिवसांपर्यंत. 28व्या दिवशी मृत्यू किंवा अवयवांचा टिकून राहिलेला बिघाड क जीवनसत्त्वाच्या गटात 44.5 टक्के, ते न मिळालेल्या दुसऱ्या गटात 38.5 टक्के. (आवळा खाऊ नका, असा याचा अर्थ नाही.)

'सीआरपी उतरला.' सीआरपी मुख्यतः यकृतात बनतो, आयएल-6 या सूज चेतवणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या इशाऱ्यावर. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे 19 तास. ऊतीतल्या मेदांचं काय झालं, हे तो सांगत नाही. टोसिलिझुमॅब हे औषध आयएल-6चा इशाराच अडवतं. ते घेणाऱ्या रुग्णात संसर्ग जोरात असतानाही सीआरपी खाली राहू शकतो.