कॉसमॉसचे फोटो काढा, पण बिया टेकडीवर फेकू नका

पाऊस ओसरला की टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर पिवळा-केशरी कॉसमॉस फुलतो आणि आपल्या सगळ्यांच्या वॉलवर फोटोंचा पूर येतो. मला मात्र ते बघून पोटात गोळा येतो. अहो ही सोनकी नाहीये! सोनकी हे आपल्या सह्याद्रीचं पिवळं रानफूल, हा कॉसमॉस मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणलेला, एकाच कुळातले म्हणून लांबून फसायला होतं इतकंच.

परदेशी म्हणजे वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. झेंडूपण मेक्सिकोचाच, दसऱ्याला त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही, पण तो बांध सोडून डोंगर बळकावायला जात नाही. मग कोण डोईजड होणार हे आधी कळतं का? बऱ्यापैकी कळतं. ऑस्ट्रेलियात नवीन झाड देशात घ्यायच्या आधी ४९ प्रश्नांची यादी असते, बी किती धरतं, किती लवकर फुलतं, तुकड्यातून रुजतं का, गुरं खातात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या कुठल्या देशात ते तण झालंय का. उत्तरांना मार्क देतात, जास्त झाले की प्रवेश नाही. आपलं गाजर गवत घ्या, १९५५ च्या सुमारास पुण्यातच नजरेत आलं, एकेका झाडाला हजारो बिया, अंगाला लागलं की खाज, गुरं तोंड लावत नाहीत. ते या परीक्षेत पहिल्या फटक्यात नापास झालं असतं, पण तेव्हा विचारणारं कोणीच नव्हतं.

आता मला खरी भीती वेडेलियाची आहे. सोसायटीच्या कडेला, डिव्हायडरवर लावतात ती चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेल. एक फांदी उचलून बघा, जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटलेली दिसतील. म्हणजे माळ्याने छाटणी ओढ्याकाठी टाकली की तिथे नवीन ताटवा तयार! जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे आणि तरी आपण तिला पैसे देऊन आणतो, याचा मला खरंच राग येतो. आत्ता गप्प दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, अशी झाडं कित्येक वर्षं गुपचूप राहतात आणि मग एकदम सुटतात, कॉसमॉसही आधी अंगणातच होता की.

सीडबॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, करणाऱ्यांनी प्लीज त्यात कॉसमॉस घालू नका. अंगणात असेल तर बोंडं काळी पडायच्या आत उपटा. आणि ज्यांच्या सोसायटीत लँडस्केपिंगचं कोटेशन आलंय त्यांनी त्यात वेडेलिया आहे का बघून इथे सांगा, त्याऐवजी काय लावायचं ते आपण मिळून ठरवू.