लेखक आपल्या भेटीला, पुस्तक वगळून

वाचनालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आलात, अभिनंदन. लवकरच एखाद्या बैठकीत, चहा संपता संपता, कोणीतरी म्हणेल, "यंदा एखाद्या लेखकाला बोलवूया ना." घाबरू नका. लेखक, पुस्तक आणि वाचक एका सभागृहात दोन तास असूनही एकमेकांना भेटणार नाहीत, अशी व्यवस्था थोड्या नियोजनाने सहज होते. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या नाशिकसारख्या गावात तेवढा अनुभव कोणत्याही कमिटीत सापडतो.

पहिली गोष्ट, तारीख. 27 फेब्रुवारी घ्या. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या संध्याकाळी नाशकात शाळा, कॉलेज, बँका, पतसंस्था सगळीकडे कार्यक्रम असतात, म्हणजे तुमच्याकडे येऊ शकणारा प्रत्येक वाचक दुसरीकडे पाहुणा म्हणून खुर्चीत बसलेला असतो. ती तारीख हुकली तर मे महिना आहेच. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला चालू असते, नेमकी तीच वेळ धरा. व्याख्यानाला जाणारी माणसं गावात ठरलेली असतात, ती दोन ठिकाणी बसू शकत नाहीत. जानेवारीतला एखादा बिनसणाचा शनिवार मात्र कटाक्षाने टाळा. त्या दिवशी लोक येतात.

लेखक मुंबईचा असेल तर त्याला "नाशिकला उतरा" एवढंच कळवा. स्टेशन नाशिकरोडला आहे आणि तिथून गावातला रविवार कारंजा नऊ-दहा किलोमीटर, हे त्याला द्वारका सर्कलला अडकल्यावर आपोआप समजतं. पुण्याचा असेल तर चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा दोनशेवर किलोमीटरचा रस्ता. सहाच्या कार्यक्रमासाठी "एकला निघालात तरी चालेल" असं सांगा, बाकीचं काम चाकणची कोंडी करते. चुकून वेळेत पोचलाच तर तासभर आधी काळ्या मसाल्याची मिसळ खाऊ घाला. तर्री जास्त, "आमच्याकडची चव बघा" म्हणून. घसा त्यानंतर स्वतःचं बघून घेतो. मानधनाचा विषय फोनवर काढायचा नाही. पाकीट बंद असावं आणि आतला आकडा त्याला परतीच्या गाडीत कळावा. परतीची सोय त्याने स्वतः केली आहे असं गृहीत धरा. रात्री साडेआठला "पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातला आहे बरं का" हे सांगायला चार जण पुढे येतात.

निमंत्रणपत्रिकेत चौदा फोटो बसवा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, सौजन्य करणारे आणि सौजन्य करू शकतील असे. लेखकाचा फोटो खाली डावीकडे, दहा वर्षांपूर्वीचा. मुखपृष्ठाचं चित्र नको, नाहीतर लोक पुस्तक ओळखतील आणि विकत मागतील. हे सगळं एका चित्रात व्हॉट्सअॅपवर सोडा. चार ग्रुप फिरून येईपर्यंत अक्षरं पुसट होतात आणि वाचता येतं ते फक्त "ठीक सायंकाळी 6 वाजता". सहा हा आकडा कोणीच मनावर घेत नाही, त्यामुळे तो वाचता आला तरी हरकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्यक्रमाआधी पुस्तक कोणाच्याही हाती लागू देऊ नका. काही वाचनालयं महिनाभर आधी चार-पाच प्रती घेतात, देवघेवीच्या टेबलावर ठेवतात, आठ-आठ दिवसांनी फिरवतात. कार्यक्रमाच्या दिवशी मग पंधरा-वीस वाचून आलेली माणसं पहिल्या रांगेत बसतात आणि "तुमच्या तिसऱ्या प्रकरणातली ती आत्या" असं काहीतरी विचारतात. मुलाखतकाराची पंचाईत होते, कारण त्याने मलपृष्ठच वाचलेलं असतं. तुमच्याकडे एकच प्रत असावी, ती कार्यवाहांच्या घरी असावी आणि त्यांनीही ती उघडलेली नसावी.

सभागृहात साठ माणसं येणार असतील तर दोनशे खुर्च्या मांडा. ऐंशी मांडून बाकीच्या भिंतीला रचून ठेवल्या तर गर्दी दाटीने बसते, हशा एकदम येतो आणि लेखक खुलतो. दोनशेमध्ये तीच साठ माणसं शेवटच्या चार रांगा धरतात. पहिल्या रांगेत सोफे, त्यांवर "राखीव" अशी पाटी, आणि ते शेवटपर्यंत रिकामे.

समईकडे विशेष लक्ष असू द्या. वाती आदल्या तासाला तेलात भिजवून, वर काढलेल्या टोकावर कापराची चिमूट ठेवली तर त्या लगेच पेटतात, म्हणून तसं करू नका. कोरड्या वाती, तेल अगदी ऐन वेळी, डोक्यावर पंखा पूर्ण वेगात आणि मेणबत्तीऐवजी ओलसर काडेपेटी. पाच वाती आणि नऊ मान्यवर. प्रत्येक जण आधीच्याची विझलेली वात पेटवतो आणि फोटोग्राफर "साहेब, परत एकदा" म्हणतो. नुसतं एवढं नीट जमलं तरी आठ मिनिटं जातात.

पुढचा हिशोब सरळ आहे. सभागृह सहा ते आठ, म्हणजे 120 मिनिटं. उशिरा सुरुवात 25, दीपप्रज्वलन 8, नऊ जणांचे शाल-श्रीफळ दोन-दोन मिनिटांनी 18, प्रास्ताविक 15, पाहुण्यांचा परिचय 10, तिघांची मनोगतं आठ-आठ मिनिटांची म्हणजे 24. झाली 100. अध्यक्षीय समारोप 12, आभार 8. शिल्लक शून्य. लेखकाचं भाषण आठनंतर सुरू होतं, म्हणजे वॉचमनच्या वेळेत, आणि तो मागच्या बाजूने एकेक दिवा मालवत पुढे येतो. प्रास्ताविक करणाऱ्याला मजकुराची चिंता नको. "मंत्रभूमी ते यंत्रभूमी" इथून निघावं, गुलशनाबाद या गावाच्या जुन्या नावावरून कुसुमाग्रज, कानेटकर, बाबूराव बागूल करत 2021 च्या साहित्य संमेलनापर्यंत यावं. समोरच्या लेखकाचं नाव वाटेत कुठेही लागत नाही.

माइकवाल्याशी आधी बोलू नका. स्पीकरचे खोके माइकच्या मागे, भिंतीला टेकून ठेवायला सांगा. खोक्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि तो सुप्रसिद्ध कूंऽऽ सुरू होतो. खोके माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असले की हा त्रास जवळजवळ संपतो, म्हणून तसं कोणी सुचवलं तर "नेहमी इथंच असतात" म्हणावं. कॉर्डलेसचे सेल मागच्या कार्यक्रमातलेच राहू द्या. नवे पेन्सिल सेल बाजूला ठेवले तर अडचण दोन मिनिटांत सुटते आणि निवेदकाला मधल्या वेळात चारोळी म्हणता येत नाही. आवाजाची चाचणी "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" रिकाम्या सभागृहात करून थांबा. माणसं भरली की आवाज शोषला जातो आणि पातळी वाढवावी लागते, ते ऐन वेळी पाहू.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलाच तर फिरता माइक पहिल्यांदा त्या गृहस्थांना द्या, जे दर कार्यक्रमाला येतात. ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःची कविता वाचतात. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवून त्यातले चार निवडणं ही भलती शिस्त, तिच्या नादी लागू नका.

पुस्तकविक्रीचं टेबल जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे ठेवा. बाहेर पडायच्या दाराशी ठेवलं तर जाता जाता लोक थांबतात. प्रकाशकाला आठ दिवस आधी न सांगता आदल्या संध्याकाळी दहा प्रती मागवा. त्यातल्या सात मान्यवरांना भेट जातात. किंमत 320 असेल तर सुटे पैसे ठेवू नका आणि क्यूआर कोड ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला फोटो काढायला स्टेजवर पाठवा. स्वाक्षरीसाठी लेखकाला वेगळं टेबल, चालणारं पेन आणि वाचकाचं नाव नीट लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर रांग भराभर सरकते आणि लेखकाला प्रत्येकाशी दोन शब्द बोलता येतात. त्यापेक्षा त्याच वेळी समूहछायाचित्र घ्या. वर्तमानपत्राला तेच जातं, डावीकडून नावं, पुस्तक कोणाच्यातरी शालीखाली.

लेखक वाचनालयाला एक प्रत स्वाक्षरी करून देतो. ती दुसऱ्या दिवशी दाखल करून घ्या. नोंदवहीत क्रमांक, मग शिक्का. शिक्का शीर्षकपानावर मारायचा असतो आणि स्वाक्षरीही तिथेच असते, तेव्हा शाई भरपूर घेऊन मधोमध मारा. मग दुर्मिळ म्हणून कपाटात. आठवड्याने एखादी सभासद कार्ड घेऊन ते पुस्तक मागायला येईल. तिला सांगा, अजून देवघेवीला आलेलं नाही, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सुट्टीवर आहेत.