पंचवीस हजारांचा ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’: आधी लेबल वाचा

नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा मेसेज साधारण असा असतो: ‘25 हजारांत आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड, 450 वॉट एसएमपीएस. सगळे गेम चालतात. एमजी रोडच्या दुकानांत हिंडत बसू नका.’ (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.) यातले बहुतेक आकडे खरेच असतात. घोळ आहे तो न लिहिलेल्या आकड्यांत.

‘आय-सेव्हन आहे.’ कितव्या पिढीचा? या किमतीत तो बहुधा 2012 चा आय7-3770 निघतो. चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळली जाणारी कामं). तेवढेच आय3-12100एफ या नव्या, खालच्या श्रेणीच्या प्रोसेसरमध्येही आहेत आणि तो कितीतरी वेगवान आहे. 3770 मध्ये एव्हीएक्स2 हा प्रोसेसरचा नवा आदेशसंच नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. विंडोज 11 या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही; जुगाड करून टाकलं, तरी 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी लागतात, आणि इतक्या जुन्या मशीनवर टीपीएम 2.0 सहसा नसतं. पोरांना नेमका तोच गेम खेळायचा असतो!

‘16 जीबी रॅम.’ असेल, पण डीडीआर3, म्हणजे जुन्या पिढीची. पुढे मदरबोर्ड बदलला की ती बाद.

‘4 जीबी कार्ड.’ हे सहसा जीटी 730 असतं. मेमरी किती यापेक्षा ती किती वेगाने वाचली जाते ते बघा. डीडीआर3, 64-बिटच्या 730 चा वेग सेकंदाला 14.4 जीबी, जीडीडीआर5 च्या जीटीएक्स 1650 चा 128. शिवाय या 730 च्या पिढीच्या (केप्लर) कार्डांचे गेम-रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमांसाठीची सॉफ्टवेअर अपडेट, 2021 मध्येच थांबले.

‘450 वॉट.’ इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. एसएमपीएस हातात घ्या, लेबलवर +12व्ही (प्रोसेसर आणि कार्डाची वीज मुख्यतः इथूनच येते) खालचे अँपिअर शोधा आणि 12 ने गुणा. 16 अँपिअर म्हणजे 192 वॉट, बाहेर 450 लिहिलेलं असलं तरी. उद्या त्यावर 132 वॉटचं आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड लावलंत, तर मारामारीचा सीन आला की पीसी रीस्टार्ट होणार आणि दोष विंडोजवर जाणार. कार्डाची 8-पिन वीजजोडणी मोलेक्स (जुन्या हार्ड डिस्कचा प्लग) अ‍ॅडॉप्टरवरून दिलीत, तर कनेक्टर वितळू शकतो. 36 अँपिअर, म्हणजे 432 वॉट देणारा, ‘80 प्लस ब्रॉन्झ’ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला एसएमपीएस घ्या. काटकसर कॅबिनेटात करा. फक्त पुढून जाळीचं हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की बंद काचेमागे कार्ड तापतं आणि वेग आपोआप उतरतो.

पैसे कमी असतील तर कार्डाशिवाय सुरुवात करा: रायझन 5 5600जी (ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर), बी550 मदरबोर्ड, डीडीआर4-3200 च्या 8 जीबीच्या दोन स्टिक, 500 जीबी एनव्हीएमई एसएसडी. एकच 16 ची स्टिक नको. इथे ग्राफिक्स रॅमवरच चालतं, सिंगल चॅनेलला ते निम्म्या रुंदीच्या वाटेने जातं. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरा, मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सोय, चालू करा, नाहीतर 3200 ची रॅम कमी वेगावरच पळत राहील.

नंतर कार्ड घेताना आरएक्स 6500 एक्सटी टाळा. त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि 5600जी पीसीआयई 3.0 या जुन्या, निम्म्या वेगाच्या जोडणीवर थांबतो, म्हणजे कार्डाची वाट निम्मी. 6600 ला आठ लेन आहेत. आणि ते बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावा. हे विसरून ‘कार्ड खराब निघालं’ म्हणत दुकानात परत जाणारे कमी नाहीत.