शंट काढायचा की काढा प्यायचा?

मेंदूच्या किंवा सांध्याच्या ऑपरेशननंतर आत बसवलेल्या वस्तूला (कृत्रिम सांधा, किंवा मेंदूत साचलेलं जादा पाणी बहुधा पोटाकडे नेणारी नळी, म्हणजे शंट) जंतुसंसर्ग झाला, की घरच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास येऊन पडतो. शब्द बदलतात, आशय तोच: पेशंटची प्रतिकारशक्ती कमी म्हणून संसर्ग जात नाही, ती वाढवा, अँटिबायोटिक ‘हायर’ द्या, आतलं काही काढायला नको, ते बिल फुगवायचे धंदे, कल्चर (नमुन्यातून जंतू उगवून पाहण्याची तपासणी) निल आलंय, म्हणजे जंतू नाहीतच. शेवटी पुस्ती: चांदीची नळी घातली असती तर ही वेळच आली नसती. एकेक दावा घेऊ.

‘प्रतिकारशक्ती कमी पडली’

सगळ्यात जास्त पटणारा आणि सगळ्यात चुकीचा दावा हाच. प्लेट, स्क्रू, कृत्रिम सांधा, शंटची सिलिकॉनची नळी अशा पृष्ठभागावर जंतू बसले की ते स्वतःभोवती साखरेची लांब साखळी, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचा डीएनए यांचा चिकट थर तयार करतात. हीच बायोफिल्म. दातांवरचं किटण म्हणजे तीच.

अमेरिकेतल्या ओमाहा इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात टॅमी कीलियन या प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या बायोफिल्मचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत. त्यांच्या २०११ च्या शोधनिबंधात दिसलं, की सुटे जंतू गिळणाऱ्या आपल्या संरक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, बायोफिल्ममधले जंतू गिळू शकत नाहीत. थरात शिरलेले बरेचसे मॅक्रोफेज मरतात, आणि आसपासचे लढाऊ पवित्रा सोडून जखम भरून काढणाऱ्या पेशींसारखे वागू लागतात. २०१४ मध्ये त्यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की इम्प्लांटभोवती पेशींची कमतरता नसतेच. उलट गर्दी असते, पण त्यात मोठा भरणा असतो इतर पेशींना गप्प बसवणाऱ्या मायलॉइड सप्रेसर पेशींचा. त्या कमी केल्या तेव्हा जंतूही घटले. कृत्रिम सांध्याचा संसर्ग झालेल्या माणसांच्या नमुन्यांतही अशाच पेशी आढळल्या.

हे घडतं कसं? २०२० मध्ये याच गटाने एक दुवा दाखवला. बायोफिल्ममधले जंतू लॅक्टेट नावाचं रसायन सोडतात. ते आपल्या पेशींमधलं एचडॅक-११ नावाचं विकर रोखतं, आणि त्यामुळे दाह शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या संदेशवाहक प्रथिनाचं उत्पादन वाढतं. म्हणजे पहारेकरी अशक्त नाहीत, त्यांना चुकीचा हुकूम मिळतोय. अशा वेळी ‘इम्युनिटी बूस्टर’ने नेमकं काय बूस्ट होणार, हे सल्ला देणाऱ्याने सांगावं. याच जंतूविरुद्धची व्ही-७१० ही लस छातीच्या शस्त्रक्रियेआधी देऊन पाहिली होती. तिने अँटिबॉडी वाढल्या, पण संसर्ग टळला नाही. आणि ज्यांना संसर्ग झाला, त्यांच्यात लस घेतलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले. चाचणी थांबवावी लागली.

मेंदूत तर ‘वाढवा’ हा शब्दच जपून वापरायला हवा. कवटी पक्की पेटी आहे. दाह वाढला की सूज येते आणि सुजेला जायला जागा नसते. कीलियन यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या गळवावर मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. त्या औषधाला दाद न देणारा जंतू मुद्दाम निवडला होता, तरीही गळू लहान राहिलं. औषधाने जंतू मारले नव्हते, दाह आवरला होता. मेंदूच्या ऊतीचं बरंचसं नुकसान आपल्याच प्रतिकाराने होतं, ते असं. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात कवटीच्या वरच्या बाजूला आणि खाली मेंदूत जमणाऱ्या पेशींचं मिश्रणही वेगवेगळं असतं. वर न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि सप्रेसर पेशी जास्त, खाली मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच संरक्षक पेशी) आणि मोनोसाइट (रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशी). एकच काढा दोन्हीकडे उलटसुलट काम करेल, अशी अपेक्षा दिसते.

जाता जाता: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी या संसर्गात रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक बऱ्याचदा चालू असतं आणि ते स्वतःच यकृतावर ताण देतं. दोन्ही एकत्र घेताना काविळीची लक्षणं दिसली तर दोष कोणाचा, हे शोधणंही अवघड होतं.

‘हायर अँटिबायोटिक द्या, काढायला नको’

पेनिसिलिन गटातली औषधं आणि व्हॅन्कोमायसिन जंतूच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतात. बायोफिल्मच्या तळाशी बसलेले जंतू जवळजवळ वाढतच नाहीत. बांधकामच बंद, तर बिघडवणार काय? म्हणून सुट्या जंतूला पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध लागतं, आणि तेवढं शरीराला झेपत नाही. व्हॅन्कोमायसिन वाढवत नेलं तर आधी मूत्रपिंड तक्रार करेल. त्यात कापून परत बसवलेल्या कवटीच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि शंटच्या नळीत तर तो कधी नव्हताच, म्हणजे रक्तातून औषध तिथे नीट पोहोचतच नाही.

म्हणून शंटच्या संसर्गात नेहमीची वाट अशी: संपूर्ण शंट काढायचा, मेंदूतलं पाणी बाहेरच्या पिशवीत नेणारी तात्पुरती नळी घालायची, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं. पुरेसा गुण येत नसेल तर व्हॅन्कोमायसिन थेट मेंदूच्या पोकळीत, ५ ते २० मिलिग्रॅम, आणि दिल्यावर १५ ते ६० मिनिटं नळी बंद. ती लगेच उघडली तर औषध पिशवीत जातं. नवा शंट कधी, हे जंतूवर ठरतं. त्वचेवरचा सौम्य स्टॅफिलोकोकस असेल, पाण्याचा रिपोर्ट ठीक असेल आणि बाहेरची नळी घातल्यावर ४८ तास कल्चर निगेटिव्ह असेल, तर तिसऱ्या दिवशीही बसवता येतो. ऑरियस किंवा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असेल तर कल्चर निगेटिव्ह झाल्यावर १० दिवस थांबतात. अर्धाच शंट बदलला की उरलेल्या अर्ध्यावरचे जंतू नव्या नळीवर चढतात.

आता दुसरी बाजू. सांध्याचं इम्प्लांट कधीकधी खरंच वाचवता येतं, आणि ग्रुपवरच्या ‘आमच्या ओळखीत नाही काढलं’ या गोष्टी तिथूनच येतात. पण अटी असतात: लक्षणं सुरू होऊन साधारण तीन आठवड्यांच्या आत, इम्प्लांट घट्ट, भोवतालचं मांस-कातडं चांगलं, जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारा, आणि जखम उघडून नीट साफ केलेली. १९९८ च्या स्विस चाचणीत अशा रुग्णांना सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. सोबत रिफाम्पिसिन घेऊन उपचार पूर्ण केलेले १२ पैकी १२ बरे झाले. त्याऐवजी प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेतलेल्यांत १२ पैकी ७. रिफाम्पिसिन एकटं मात्र कधीच नाही. काही दिवसांत जंतू त्याला निर्ढावतो. क्षयाच्या उपचारातही ते म्हणूनच इतर औषधांसोबत देतात.

‘कल्चर निल, म्हणजे जंतू नाहीत’

थर नळीला चिकटलेला असतो, नमुना मात्र द्रवाचा जातो. त्यात आधीच दोन-चार दिवस अँटिबायोटिक चालू असतं. २००७ च्या एका अभ्यासात काढलेला कृत्रिम सांधा ध्वनिलहरींनी हलवून थर सोडवला, तेव्हा ७८.५ टक्के संसर्ग पकडले गेले. नेहमीच्या ऊतीच्या कल्चरने ६०.८ टक्के. आधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांत हे आकडे ७५ आणि ४५ होते.

म्हणून पेशंटची तब्येत थांबण्याजोगी असेल तर पहिल्या डोसच्या आधी नमुना घ्यावा. सांध्याचे तीन ते सहा ऊतीचे तुकडे, प्रत्येक वेगळ्या हत्याराने. शंटच्या पाण्याचं कल्चर प्रयोगशाळेने किमान १० दिवस ठेवावं, कारण क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू उगवायला वेळ लावतो. ४८ तासांत ‘नो ग्रोथ’ छापून आलेला कागद त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

‘चांदीची नळी घातली असती तर…’

याची परीक्षा झाली आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १,६०५ रुग्णांची ‘बेसिक्स’ चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, चांदी मुरवलेल्या नळीतही ६ टक्के. रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिन मुरवलेल्या नळीत २ टक्के. पहिला शंट बसवण्याआधी सर्जनला विचारायचंच असेल, तर ही तिसरी नळी मिळेल का, ते विचारा.