शेजारधर्म: घ्यावयाची खबरदारी

महामारी पुन्हा येईल की नाही, ते मला विचारू नका. पण आलीच, तर निदान या खेपेला तरी गाफील राहू नका. २०२० साली हात कसे धुवायचे ते सरकारनं व्यवस्थित शिकवलं होतं. कुणालाही फोन लावा, आधी कुणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायच्या. मात्र शेजाऱ्याला आपल्याबद्दल अचानक माया वाटू लागली तर काय करावं, याबद्दल एकाही परिपत्रकात अवाक्षर नव्हतं. ती उणीव मी स्वानुभवावरून भरून काढतो आहे. फी नाही.

धोका कुठून येतो ते आधी ओळखा. तो वाटीतून येतो.

टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च, म्हणजे नेमका गुढीपाडवा. पुढे सगळा चैत्र. आमच्या शेजारच्या आजींकडे चैत्रगौर असते. दर वर्षी हळदीकुंकू, पन्हं, आंबेडाळ, भिजवलेले हरभरे, आणि जिन्यात चपलांचा ढीग. त्या वर्षी कुणाला बोलवायची सोय नव्हती. एका दुपारी आमची बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर समोर कुणी नाही. चपलांच्या स्टँडवर झाकण घातलेली स्टीलची वाटी, आणि चांगल्या सहा फुटांवर, स्वतःच्या उंबऱ्याच्या आत, नाकावर पदर धरून आजी उभ्या. सगळे नियम पाळलेले. बोट ठेवायला जागा नाही. अशी माणसं सर्वांत घातक असतात, हे ध्यानात ठेवा.

"पाणी सुटायच्या आत खा रे," आजी म्हणाल्या.

अशा वेळी दार उघडून "अहो आजी, कशाला उगाच!" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. मी आवरला. मार्चमध्येच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: प्रयोगशाळेत हा विषाणू स्टीलवर आणि प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकतो, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर मात्र जेमतेम चार तास. वाटी स्टीलची होती. मी ती चिमट्यानं उचलून गॅलरीत उन्हात ठेवली आणि बहात्तर तास मोजले. चौथ्या दिवशी वाटी निर्धोक झाली होती. डाळ आंबली होती.

(लागण वस्तूंपेक्षा श्वासातून होते, वाटीचा धोका तसा फारच कमी, हे पुढे शास्त्रज्ञांनीच सांगितलं. पण तोवर डाळ गेली होती, आणि शास्त्रज्ञ काय, उशिराच सांगणार.)

यावर एक तोडगा सुचतो तो म्हणजे शेजाऱ्यांना तांब्याची वाटी वापरायला सांगणं. सुचतो तेवढा तो सोपा नाही. कैरी आंबट. बिनकल्हईच्या तांब्यात ती कळकणार, म्हणजे विषाणूपासून वाचलात तरी पोट बिघडून मराल. आणि कल्हई लावली की तांब्याचा गुण कथलाखाली झाकला जातो. शिवाय टाळेबंदीत कल्हईवाला आणणार कुठून? थोडक्यात, कैरीच्या दिवसांत परोपकाराला योग्य असा धातूच उपलब्ध नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. वाटी रिकामी परत करायची नसते. ही आपल्याकडची जुनी आणि अतिशय बेजबाबदार चाल. निदान चमचाभर साखर तरी घालून द्यायची. म्हणजे आजींची आंबेडाळ आली की आपला शिरा जाणार, शिऱ्यावर त्यांची मेतकूट-लोणच्याची वाटी येणार, तेवढ्यात समोरच्या घरात वास जाणार आणि त्यांना पाठवलं नाही तर बरं दिसणार नाही. एका वाटीच्या दोन, दोनाच्या चार. साथ हाताबाहेर जाते ती अशी! ही साखळी तोडायची एकच खात्रीची युक्ती आहे: वाटी परतच करू नका. मी केली नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्या. टाळेबंदीला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या जोडीला आधार होता तो १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा घाईघाईनं केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा. आदेश मोडला तर तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं कलम १८८, म्हणजे लोकांच्या जिवाला धोका झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आता चौथं कलम बघा. सद्भावनेनं काही केलं तर खटला भरता येत नाही, अशी त्यात सोय आहे. मात्र या कायद्याखाली काम करणाऱ्याला. अंमलदाराची सद्भावना कायद्यात बसते, आजींची बसत नाही. इंग्रज काही उगीच दीडशे वर्षं टिकले नाहीत.

म्हणून माया दाखवायचीच असेल तर सरकारमान्य दाखवा. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर-नर्स मंडळींसाठी थाळ्या वाजवल्या, तशी. आमच्या इमारतीत एकानं पितळी परात इतक्या भक्तिभावानं बडवली की तिला पोचे आले. ही कृतज्ञता उत्तम, कारण ती गॅलरीतून करता येते आणि डॉक्टर जवळपास नसला तरी चालतं. जवळ असला तर मात्र अडचण होते. इस्पितळातून आलेल्या नर्सला घरमालकानं खोली सोडायला सांगावी, डॉक्टरांवर दगड पडावेत, असे प्रकार देशभर सुरू झाले आणि त्याच जुन्या कायद्यात दुरुस्तीचा वटहुकूम काढावा लागला. तारीख २२ एप्रिल. थाळ्या वाजवल्याला बरोबर एक महिना.

आमच्या सोसायटीत दगड वगैरे कुणी मारले नाहीत. आम्ही सुशिक्षित. वरच्या मजल्यावरचं एक जोडपं बाळाला घेऊन परदेशातून आलं होतं, दोघांच्या डाव्या हातावर पालिकेचा शिक्का. ग्रुपवर दिवसभर मेसेज: लिफ्टचं कुठलं बटण दाबलं, कठड्याला हात लावला का, कचरा कुठे ठेवणार. दूध कोण देणार, असं मात्र कुणी विचारलं नाही, हे मला तरी संयमाचं लक्षण वाटतं. सकाळी वॉचमन गुपचूप पिशवी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आला. कॅमेऱ्यात सापडला. सेक्रेटरींनी खाली बोलावून घेतलं, आम्ही कमिटीचे चौघे वर्तुळात अंतर राखून उभे.

"कुणाला विचारून गेलास?"

"लहान मूल आहे ना साहेब त्यांच्याकडं."

हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, तशी नोंद इतिवृत्तात केली. हा गृहस्थ गाड्या बंद झाल्यामुळे मीटरच्या खोलीत मुक्कामाला होता, जेवण स्वतः स्टोव्हवर करत होता आणि आम्ही तीन आठवड्यांत त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. म्हणजे सवय लावल्याचा दोष आमच्याकडे जात नाही.

सवयींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कामाच्या मावशींना पगार देताना सांभाळा. न येता पगार दिला तर माणूस आळशी होतो. घरी बसून पूर्ण पगार घेणारे आम्ही सगळे या मुद्द्यावर एकमत होतो. मीटिंग झूमवर झाली, काही जण पायजम्यात होते.

आता तुम्ही विचाराल, मग मदत मुळीच करायची नाही? करा की. खिचडीची पाकिटं वाटा. फक्त घेणारा अनोळखी हवा, फोटोत त्याचा चेहरा हवा, आणि आपल्या हातातून पाकीट सुटायच्या आत कॅमेरा दाबणारा माणूस हवा. किंवा ५ एप्रिलसारखे दिवे लावा, रात्री नऊला नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला दार लावून घेता येतं. शेजारधर्माचं तसं नाही, त्याला संपायची वेळ ठरलेली नसते आणि समोरचा माणूस जिन्यात भेटतच राहतो.

आमच्या आजी भेटतात. पाऊणशे ओलांडली आहे, गुडघे गेलेत, कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात. वाटीवर त्यांच्या धाकट्याच्या मुंजीचं साल कोरलेलं आहे, १९८४. एकवीस वाट्यांचा संच होता म्हणे, आता वीस राहिल्यात.

"मोकळी झाली का रे ती वाटी?"

"शोधतो आजी," मी म्हणतो.

शोधायला नको. ओट्याच्या वरच्या फळीवर, डाव्या हाताला, घासून पालथी घातलेली आहे. दर चैत्रात खाली काढतो आणि तिच्यात काय घालून द्यावं ते न सुचल्यामुळे पुन्हा वर ठेवतो.